दहा मिनिटं पुरतात, पण ठरलेली हवीत! बिझी माणसाकडून मार्गदर्शन कसं मिळवायचं?

पोफळी (ता. चिपळूण) : दहावी-बारावी झाली की प्रश्न येतो, आयटीआय, डिप्लोमा की कॉलेज? घरात सांगणारं कुणी नसतं. ज्यांना माहिती आहे ते कोयनेच्या वीजगृहात शिफ्ट ड्युटीवर, नाहीतर मुंबईला. गणपतीत भेट होते, "कधीही फोन कर" म्हणतात, आणि फोन काही होत नाही. एकदा चुकीचा कोर्स घेतला की वर्ष आणि फी दोन्ही जातं.

मोठं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. मुंबईत शाळेत असताना ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. तिथे त्यांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी भेटले. गुरुजी वेंगुर्ल्याजवळच्या केळुस गावचे. शिक्षकाची नोकरी आणि स्वतःचं लेखन सांभाळून त्यांनी या मुलाला पुस्तकं दिली. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे शिक्षण अडलं तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. गुरुजी दिवसभर सोबत नव्हते, पण गरजेच्या वेळी पाठीशी होते.

मग आज काय करायचं?

नेमकं विचारा. "मार्गदर्शन करा" एवढंच म्हटलं तर समोरचा गोंधळतो. त्यापेक्षा असा मेसेज टाका : "काका, इलेक्ट्रिकल डिप्लोमाबद्दल दोन प्रश्न आहेत. रविवारी सकाळी दहा मिनिटं फोन करू का?"

वेळ ठरवा. महिन्यातून एक फोन पुरे. शिफ्ट बघून वेळ त्यांनाच सांगू द्या. हुकला तर रुसू नका, दुसरा दिवस विचारा.

केलेलं कळवा. सांगितलेला फॉर्म भरला, पुस्तक वाचलं, की दोन ओळी पाठवा. आपल्या बोलण्याचा उपयोग होतोय हे दिसलं की माणूस पुन्हा वेळ काढतो. नातं इथेच पक्कं होतं.

घरी सांगा. कुणाशी बोलताय हे आई-वडिलांना माहीत असू द्या. मार्गदर्शनाच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा.

मोठ्यांनीही जमेल तेवढाच शब्द द्यावा. माहिती द्यावी, ओळख करून द्यावी, पण निर्णय मुला-मुलींनाच घेऊ द्यावा. माहीत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणावं आणि खरंच सांगावं.

गणपतीत, शिमग्याला चाकरमानी गावी येतील, तेव्हा पहिली भेट समोरासमोर घ्या. पुढच्या फोनची तारीख तिथेच ठरवा.