गाडीतला दिवा काय सांगतो?

आता पुष्कळ गावांत जुनी मोटार आली आहे. कुणी वडाप चालवतो. कुणी बाजाराला भाजी नेतो. दहा-बारा वर्षे वापरलेली, दीड-दोन लाख किलोमीटर पळालेली गाडी शहरातून स्वस्तात मिळते. गाडी चालते बरी. पण एक दिवस समोर दिवा लागतो आणि माणूस गोंधळतो. कुणी दिव्याकडे बघतच नाही. कुणी घाबरून गॅरेजात जातो आणि मिस्त्री म्हणेल तो भाग बदलून येतो. दोन्हीकडून पैसा जातोच.

आम्ही काही मिस्त्री नाही. आम्ही जन्मभर शाळा केली. पण हे दिवे म्हणजे एक प्रकारची अक्षरेच आहेत. तुम्ही आता अक्षरे वाचता. मग हे दिवेही वाचा.

आधी रंग पाहावा. लाल दिवा म्हणजे धोका, गाडी थांबवा. पिवळा म्हणजे बिघाड आहे, लवकर दाखवा. हिरवा किंवा निळा दिवा बहुधा नुसती माहिती देतो.

लाल दिव्यांत सर्वांत महागात पडणारा दिवा तेलाच्या बुधलीचा. बुधलीच्या चोचीतून थेंब पडतो आहे, असे ते चित्र असते. पुष्कळांना वाटते, ऑईल जरा कमी झाले असेल, घरी गेल्यावर घालू. तसे नाही बरं का! हा दिवा बहुतेक गाड्यांत ऑईल किती आहे ते सांगत नाही. इंजिनात ऑईलचा दाब पडला, हे तो सांगतो. दाब नसला की आतले लोखंड लोखंडावर घासते. मग थोड्याच वेळात इंजिन जाम होते. म्हणून हा दिवा लागला की गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन लगेच बंद करावे. गाव दोन किलोमीटरवर असले तरी बंदच करावे.

जुने इंजिन ऑईल पिते. म्हणून दिव्याची वाट पाहू नये. आठवड्यातून एकदा गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन बंद करून पाचदहा मिनिटे थांबावे. मग ऑईलची पट्टी काढून पुसावी, परत घालावी आणि काढून बघावी. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑईल त्या दोहोंच्या मध्ये पाहिजे. एवढे काम ज्याचे त्याला येते.

थर्मामीटरचे लाल चित्र लागले तर इंजिन तापले आहे. गाडी बंद करावी. पण रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आत उकळते पाणी दाबाखाली असते. ते तोंडावर उडते. बॅटरीचे लाल चित्र लागले तर बॅटरी चार्ज होत नाही. बॉनेट उघडून पट्टा तुटला का, ते पाहावे. काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो. तसे असेल तर पुढे जाऊ नये. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक ओढलेला असला तरी लागतो. हँडब्रेक सोडूनही दिवा राहिला, तर ब्रेक ऑईल कमी झाले असेल. नुसते ऑईल ओतून दिवा घालवू नये. ते गळते आहे की ब्रेकचे पॅड झिजले आहेत, हे आधी पाहावे. मागे माणसे बसलेली असतात.

आता पिवळा दिवा. इंजिनाच्या आकाराचे चित्र असते. जुन्या गाडीत हाच दिवा जास्त छळतो. तो स्थिर असला तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. तो उघडमीट करू लागला तर मात्र वेग कमी करावा आणि जमेल तितक्या लवकर थांबावे. पेट्रोल गाडीत याचा अर्थ असा, की एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट जळत नाही. ते कच्चे पेट्रोल सायलेन्सरच्या नळीत जाते. तिथे धूर शुद्ध करणारा डबा असतो. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. तो तापून निकामी होतो, आणि नवा फार महाग असतो.

हा दिवा लागतो तेव्हा गाडीतला छोटा संगणक एक आकडा लिहून ठेवतो. त्याला कोड म्हणतात. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींत यासाठी एकच ठरावीक पद्धत सक्तीची झाली. भारतात ती २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. स्टीअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक भोक असते. त्यात स्कॅनर लावला की कोड दिसतो. आरंभी एक अक्षर आणि पुढे चार आकडे. ‘पी’ असेल तर बिघाड इंजिन-गिअरकडचा. ‘सी’ असेल तर ब्रेक-स्टीअरिंगकडचा.

मिस्त्रीने स्कॅनर लावला की तो कोड स्वतः वहीत उतरून घ्या. लाजू नका.

पण कोड म्हणजे निकाल नव्हे. आम्ही शाळेत पाहिले आहे. वर्गात गलका झाला की जो पोरगा उभा दिसतो, तोच दोषी असतो असे नाही. कोड कुणाकडे बोट दाखवतो तेवढे कळते. गुन्हा कुणाचा, ते शोधावे लागते.

समजा ‘पी ०३०१’ आला. अर्थ असा, की एक नंबरच्या सिलिंडरात नीट जळत नाही. दोष कॉईलचा असेल, प्लगचा असेल, पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरचा असेल, किंवा उंदराने वायर कुरतडली असेल. पुष्कळ गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉईल असते. मग एक नंबरची कॉईल दोन नंबरला लावायची आणि दोनची एकला. कोड पुसून गाडी चालवायची. आता ‘पी ०३०२’ आला तर दोष कॉईलबरोबर गेला. कॉईल बदला. पुन्हा ‘०३०१’च आला तर कॉईल चांगली आहे, पुढे प्लग तपासा. या परीक्षेला नवा भाग लागत नाही. मिस्त्रीला ती करायला सांगा.

‘पी ०४२०’ आला तर धूर शुद्ध करणारा डबा नीट काम करत नाही, असे संगणकाला वाटते. जुन्या गाडीत डबा खरोखर संपलेला असू शकतो. पण नळीला भोक पडले असेल, किंवा धूर तपासणारा सेन्सर बिघडला असेल, तरी हाच कोड येतो. आणि इंजिन ऑईल जाळत असेल तर नवा डबाही पुन्हा खराब होईल. हे सगळे बघितल्याशिवाय डब्याला पैसे देऊ नका.

काही जण बॅटरीची वायर काढून लावतात. दिवा जातो. बिघाड तसाच राहतो आणि कोड मात्र पुसला जातो. आजाऱ्याचा ताप लिहिलेला कागद फाडावा, तसे झाले. मग मिस्त्री तरी काय शोधणार?

जुनी गाडी विकत घेताना हेच ध्यानात ठेवा. चावी फिरवा, पण इंजिन चालू करू नका. तेव्हा ऑईलचा, बॅटरीचा आणि इंजिनाचा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन चालू झाल्यावर तो विझला पाहिजे. चावी फिरवूनही दिवा लागत नसेल, तर तो गेला आहे किंवा मुद्दाम काढला आहे. दुसरे, स्कॅनर लावायला सांगा. कोड नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पुऱ्या झालेल्या नसतात, आणि स्कॅनर ते दाखवतो. विकणाऱ्याला सांगा, “आठ दिवस गाडी चालवा, मग पुन्हा स्कॅनर लावू.” तो कबूल होत नसेल तर इसार देऊ नका.