हरिपूरची पेवे, माणदेशाचे चर

सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळद जमिनीत साठवायची पद्धत होती. पेव म्हणजे मातीत खणलेली कोठी. तोंड माणूस उतरेल एवढेच, खाली पोट मात्र रुंद. तळाला आणि कडांना पाला-पाचट लावायचे, हळद भरायची आणि तोंड शेणामातीने लिंपून टाकायचे. इथली माती घट्ट आणि चिवट, ओल आत येऊ न देणारी. आत हवा खेळत नसल्याने कीड लागत नसे आणि हळद वर्षानुवर्षे टिकत असे. ऐन नदीकाठी लाखमोलाचा माल जमिनीत पुरायचा, तर नदी कुठवर चढते याची पुरती खात्री हवी. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने आली होती. 2005 च्या महापुरात पाणी पेवांत शिरले, पुष्कळ पेवे कायमची गेली आणि व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला.

हवामानबदलावर बोलताना आपण अंशांतल्या तापमानवाढीवर बोलतो. सातारा-सांगलीत तो पाण्याच्या रूपाने येतो. नदी कुठवर येईल, पाऊस कधी उघडेल, विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठेल, या अंदाजांवर घरे, पिके, बाजार उभे होते. ते अंदाजच आता चुकू लागले आहेत.

सांगलीत पूर मोजतात तो आयर्विन पुलाशी. 1929 साली बांधलेल्या या पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेले की इशारा आणि 45 वर गेले की धोका. 2005 मध्ये पाणी 53 फुटांच्या पुढे गेले, तेव्हा असा पूर पुन्हा आपल्या हयातीत येणार नाही असे लोक म्हणत होते. ऑगस्ट 2019 मध्ये ते साडेसत्तावन्न फुटांवर पोहोचले. जुलै 2021 मध्ये पुन्हा 55 च्या आसपास. सोळा वर्षांत तीन महापूर! पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 रोजी पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली आणि सतरा माणसे गेली. जवळ होती ती बोट घेऊन, जमेल तेवढ्यांना बसवून निघालेली ती माणसे होती. गावोगावी चांगल्या बोटी, त्या चालवणारी शिकवलेली पोरे आणि पाणी येण्याआधी गाव हलवण्याचा ठरलेला बेत ही तयारी धरणाइतकीच गरजेची आहे.

त्याच 2019 च्या उन्हाळ्यात माण, खटाव, आटपाडी आणि जतमध्ये चारा छावण्या चालू होत्या. घरदार सोडून माणसे जनावरांपाशी छावणीत राहत होती, पाणी टँकरने येत होते. दोन महिन्यांनी कृष्णाकाठच्या गोठ्यांतली जनावरे दाव्याला बांधलेली बुडाली.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर किलोमीटरही दूर नसलेल्या माण तालुक्यातल्या दहिवडीला पाचशेच्याही आत. सह्याद्री ढग अडवतो, माणदेश पर्जन्यछायेत राहतो, हे शाळेत शिकलेले आहे. दुष्काळ इथे नवा नाही. माणगंगेवरचा राजेवाडीचा तलाव 1876-77 च्या दुष्काळातले काम. आटपाडी-खानापूरची माणसे सोनेचांदी गाळायच्या गलाई धंद्यात देशभर पांगली, त्यामागेही हेच कोरडे शिवार. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, हाही मला योगायोग वाटत नाही.

बदलली आहे ती पावसाची पडण्याची रीत. 23 जुलै 2021 रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. माण तालुक्याला वर्षभरातही एवढा मिळत नाही. त्याच पावसात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिले की 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्रावरून येणारे बाष्प उसळ्या मारत येते. हवा एका अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे पडतो तेव्हा कोसळतो आणि मध्येच तीन-तीन आठवडे दडी मारतो. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही. ऑक्टोबर छाटणी झाल्यावर घड फुलोऱ्यात असताना डिसेंबरात पाऊस आला की डाऊनी आणि घडकूज, आणि वर्षाचा खर्च अंगावर.

पूर आला की कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद उफाळतो. बॅकवॉटरची शंका लोकांच्या मनातून जात नाही, आणि दोन्ही राज्यांनी विसर्गाचे आकडे तासातासाला एकमेकांना दिलेच पाहिजेत. पण कऱ्हाडला कोयना, हरिपूरला वारणा, नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन मिळते, पुढे नदीला उतार जेमतेम, आणि मधल्या पूरपट्ट्यात आपणच भराव आणि प्लॉट टाकले. याबद्दल कर्नाटकाशी भांडून काही हाती लागणार नाही.

आता पुराचे पाणी उचलून दुष्काळी भागात न्यायची योजना जागतिक बँकेच्या मदतीने पुढे आली आहे. कल्पना ऐकताच मनात भरते. हिशेब मात्र नीट करावा. एक लाख क्युसेक विसर्ग दिवसभर चालला तर साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी वाहून जाते. एक हजार क्युसेकचे पंप अहोरात्र चालवले तरी दिवसाला एक टीएमसीचा दहावा हिस्साही उचलला जात नाही. तेव्हा अशा पंपांनी सांगलीचा पूर उतरणार नाही. तलाव भरतील, आणि तेवढ्यासाठीही ही योजना करण्याजोगी आहे. पण पूरग्रस्तांना तिच्या भरवशावर ठेवू नये. त्यांच्यासाठी पूररेषा पाळणे आणि धरणे जुलैतच काठोकाठ न भरणे हेच उपाय आहेत. दुसरा सोपा नाही, कारण पुढे पावसाने दडी मारली तर 105 टीएमसीची कोयना अपुरी राहते. विसर्गाचा निर्णय घेणाऱ्या अभियंत्याला चार-पाच दिवसांचा भरवशाचा अंदाज लागतो, म्हणून पाणलोटातले प्रत्येक पर्जन्यमापक यंत्र चालू असणे महत्त्वाचे.

पाणी वर उचलायचे शास्त्र या जिल्ह्यांना ठाऊक आहे. ताकारी, म्हैसाळ आणि पाच टप्प्यांची टेंभू या योजनांनी कृष्णा चढावर नेली. वीजबिलापायी त्या वारंवार बंद पडत. आता बिलाचा 81 टक्के भार शासन आणि 19 टक्के शेतकरी, असे सूत्र आहे. म्हैसाळसाठी सौरऊर्जेचेही काम हाती घेतले आहे. पाणी पोहोचले तिथे शिवार हिरवे झाले, हे डोळ्यांना दिसते. त्याबरोबर ऊसही पोहोचला. वाळवा, पलूस, मिरजेच्या काळ्या जमिनींत उसाने काय केले ते समोर आहे: पाटाचे पाणी वारेमाप, निचरा नाही, आणि वर पांढरा क्षार. त्या क्षारपड जमिनीत आता सच्छिद्र पाइप पुरून पाणी बाहेर काढावे लागते. तीच चूक टेंभूच्या टोकाला पुन्हा करायची का?

याचे उत्तर खानापूर तालुक्यातच कधीचे दिलेले आहे. 1982 च्या संपानंतर मुंबईचे गिरणी कामगार गावी परतले, तर गावात दुष्काळ. येरळेच्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि विहिरी आटत होत्या. बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून वाळूवर गावाचा हक्क सांगितला, मर्यादित वाळू विकून पैसा उभा केला, श्रमदान केले आणि शासनाशी झगडून बळीराजा स्मृती धरण बांधले. त्याहून मोठे होते वाटपाचे नियम: पाणी जमिनीवर नाही, कुटुंबावर मोजायचे. भूमिहीनालाही वाटा. आणि या पाण्यावर ऊस नाही. डॉ. भारत पाटणकर त्या लढ्यात होते. पुढे 1993 पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या आणि समन्यायी वाटपाचा आग्रह तेरा दुष्काळी तालुक्यांचा झाला. कालव्याऐवजी बंद पाइपने पाणी द्यावे, ही आटपाडीची मागणी त्यातलीच.

डोंगरउतारावरचे काम वेगळे. गावागावांतल्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत 2016 च्या पहिल्या वर्षी कोरेगावचे वेळू पहिले आले, 2018 मध्ये माणचे टाकेवाडी. कामाची रीत साधी. उतारावर एकाच पातळीतल्या खुणा करायच्या, फक्की टाकून रेघ ओढायची आणि त्या रेघेवर चर खणायचा. पातळी बोटभर चुकली तरी पाणी एका टोकाला धावते आणि बांध फुटतो. म्हणून खणण्यापेक्षा आखणीला जास्त वेळ द्यावा लागतो. एका सरीत सारा पाऊस पडायच्या या दिवसांत असे चर फार मोलाचे, कारण माती आणि पाणी दोन्ही जागेवर थांबतात. मात्र खाली काळा पाषाण आहे. तो लवकर भरतो, आणि दहा नव्या बोअर पडल्या की तितक्याच लवकर रिकामा होतो. ज्या गावाने पावसाळा संपताच ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला, किती आहे ते पाहून शाळू, हरभरा, कांदा ठरवला, तिथे चर उपयोगी पडले. बाकी ठिकाणी ते पुन्हा गाळाने भरत आहेत.

जत तालुक्याच्या पूर्व भागातली गावे पाण्यासाठी कर्नाटकात जायची भाषा करत होती. डिसेंबर 2022 मध्ये कर्नाटकाने तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी तिकडे सोडले आणि महाराष्ट्र जागा झाला. विस्तारित म्हैसाळ योजनेने आता त्या गावांना पाणी द्यायचे ठरले आहे. पाणी येण्याआधी, पाइप टाकतानाच, प्रत्येक गावात कुटुंबागणिक वाटा, भूमिहीनांचा हक्क आणि पिकांची मर्यादा ठरावात लिहून घेतली पाहिजे. कारण ऊस एकदा उभा राहिला, कारखान्याची नोंद झाली आणि कर्ज निघाले, की तो वाटा परत मागायला कुणी धजत नाही. जतला आज ते करायला वेळ आहे.