मधल्या फळीचा मानकरी

नांदेड-लातूरकडील वाचकांस फुटबॉल परका वाटावा, हें थोडें नवलच आहे. १९५६ सालापर्यंत आमचा नांदेड जिल्हा, आणि त्या वेळीं उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडणारें लातूर, हीं दोन्ही हैदराबाद राज्यांत होतीं. आणि हैदराबाद म्हणजे त्या काळीं हिंदी फुटबॉलचें एक माहेरघर. तेथील सिटी पोलिसांच्या संघानें १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीनें पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाचे गुरु सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर, हें लिहितांना आम्हांस अंमळ अभिमान वाटतो. वाचकांनीं तो क्षम्य मानावा. त्यांच्याच शिकवणीखालीं भारताचा संघ १९५६ सालीं मेलबर्न ऑलिंपिकमध्यें चौथा आला व १९६२ सालीं जकार्ता येथें आशियाई सुवर्णपदकाचा धनी झाला. पुढें प्रांतरचना होऊन आमचें तोंड मुंबईकडे वळलें, आणि फुटबॉल मागें राहिला.

परंतु ज्या खेळाडूविषयीं आज लिहावयाचें आहे, तो हैदराबादचा नव्हे, गोमंतकाचा. हैदराबादेनें त्याच्या आयुष्यांतील एक क्षण मात्र पाहिला. त्याचें नांव क्लायमॅक्स लॉरेन्स. जन्म १९७९ सालचा. नांव वाचून हंसूं नये. आपल्या अलंकारशास्त्रांत उत्तरोत्तर उत्कर्ष दाखविणाऱ्या अलंकारास 'सार' म्हणतात. इंग्रज त्यासच क्लायमॅक्स म्हणतो. तेव्हां नांव कांहीं वाईट नाहीं. गंमत एवढीच कीं, या नांवाच्या मनुष्याच्या वांट्यास जें काम आलें, त्यांत उत्कर्षाचा क्षण क्वचितच येतो.

तें काम मधल्या फळीचें. आघाडीचा गडी गोल करतो आणि त्याचें नांव होतें. गोलरक्षक गोल वांचवितो, त्याचेंही होतें. मधल्या फळींतला मनुष्य दोहोंच्या मध्यें नव्वद मिनिटें धांवत असतो. त्यांतही दोन जाती आहेत. एक, चढाई रचणाऱ्यांची. पोलंडचा काझिमेश देयना हा अशांचा मुकुटमणि. १९७२ सालच्या म्यूनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत हंगेरीविरुद्ध पोलंडचे दोन्ही गोल त्याचेच होते, आणि सुवर्णपदक त्यांवरच मिळालें. दुसरी जात, शत्रूची चढाई वाटेंतच मोडणाऱ्यांची. चेंडू येण्यापूर्वींच तो कोठें येणार हें ताडावयाचें, तेथें आधीं जाऊन उभें राहावयाचें, चेंडू हिरावून घ्यावयाचा आणि जवळच्या सोबत्यास देऊन मोकळें व्हावयाचें. हें नीट साधलें म्हणजे पाहणारास कांहीं घडलेंच नाहींसें वाटतें. क्लायमॅक्स या दुसऱ्या जातीचा.

धेंपो या गोमंतकीय उद्योगकुलाच्या संघांत तो वर्षानुवर्षें खेळला. आर्मांदो कोलासो यांच्या शिकवणीखालीं या संघानें २००५ ते २०१२ या काळांत राष्ट्रीय साखळी स्पर्धा पांच वेळां जिंकली, आणि २००८ सालीं एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. २००७ व २००९ सालीं नेहरू चषक जिंकणाऱ्या भारतीय संघांतही क्लायमॅक्स होता.

लातूरचें नांव आज शिक्षणांतील 'लातूर पॅटर्न'मुळें सर्वत्र झालें आहे. तेथें एकेका गुणाचा हिशेब होतो, आणि मुलांचें पुढील आयुष्य त्यावर अवलंबून असल्यानें त्यास नांवें ठेवण्याचा आमचा विचार नाहीं. परंतु मुलगा सायंकाळीं मैदानावरून घरीं आला कीं आपण त्यास तोच हिशेब विचारतों: किती गोल केलेस? मधल्या फळीच्या मुलापाशीं या प्रश्नास उत्तर नसतें. दहावीचें वर्ष उगवलें म्हणजे त्याचाच खेळ प्रथम सुटतो, कारण घरीं दाखवावयास त्याच्याजवळ कांहीं नसतें. असे विद्यार्थी आमच्या वर्गांतून पुष्कळ गेले.

आतां तो हैदराबादचा क्षण. २००८ सालच्या एएफसी चॅलेंज चषकाच्या विजेत्यास थेट २०११ च्या आशियाई चषकांत प्रवेश मिळावयाचा होता. भारत त्या स्पर्धेंत १९८४ नंतर एकदांही पोंचला नव्हता. ३० जुलै रोजीं पहिला सामना अफगाणिस्तानशीं पडला. प्रतिपक्ष दुबळा समजला जात होता. पण नव्वद मिनिटें सरलीं तरी गोलफलक कोराच. बायचुंग भुतिया, सुनील छेत्री असे आघाडीचे वीर संघांत असतां गोल कोणी करावा? वाढीव वेळेंत तो क्लायमॅक्सनें केला. ज्याचें कामच गोल करण्याचें नव्हे, त्याच्या गोलावर भारतानें १-० असा सामना जिंकला. पुढें उपांत्य सामन्यांत छेत्रीच्या गोलानें म्यानमार हरलें, आणि १३ ऑगस्ट रोजीं दिल्लीस अंतिम सामन्यांत ताजिकिस्तानचा ४-१ असा पराभव झाला. त्यांतले तीन गोल छेत्रीचे, एक भुतियाचा. वर्तमानपत्रांत छेत्रीचें चित्र झळकलें, तें योग्यच होतें. आम्ही मात्र पहिला सामना अधिक मोलाचा समजतों. आरंभींच बरोबरी पदरीं पडती, तर त्या संघाचा धीर कितपत टिकता, कोण जाणे!

सत्तावीस वर्षांनीं भारत आशियाई चषकांत खेळला. २०११ च्या जानेवारींत दोहा येथें ऑस्ट्रेलियानें आपणांस ०-४, बहरीननें २-५ व दक्षिण कोरियानें १-४ असें हरविलें. या आंकड्यांवरून टीका फार झाली. आमच्या मतें ती अर्धवट विचाराची होती. मोठ्या पंक्तीस बसल्याखेरीज आपलें पान कोठें मांडलें आहे हें कळत नाहीं. क्लायमॅक्स त्या संघांतही होता, आणि त्याच वर्षीं कांहीं सामन्यांत भारताचें कर्णधारपदही त्याजकडे आलें.

२०१४ सालीं इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामांत तो कोलकात्याच्या संघांत होता. वय पस्तीस, मैदानांत उतरण्याचे प्रसंग आतां थोडे. तो संघ विजेता ठरला. अंतिम सामन्यांतला एकुलता गोल वाढीव वेळेंतच झाला. तो महंमद रफीक याचा.