जमिनीचा भाव पारखताना

गावात जमीन पाहायला गेलं की पहिल्या चहाबरोबर आकडा कानावर येतो: "इथं गुंठ्याला लाखाच्या खाली काही नाही." हा आकडा खोटा असतोच असं नाही. पण बहुतेक वेळा तो डांबरी रस्त्यालगतच्या, पाण्याची सोय असलेल्या, एकाच मालकाच्या जमिनीचा असतो. आपल्याला दाखवलेली जमीन तशी नसेल, तर त्या आकड्यातून काय काय वजा व्हायला हवं ते महाराष्ट्रातल्या शेतजमिनीपुरतं क्रमानं पाहू. शेतजमीन घ्यायला खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो, ही अट मात्र सगळ्यात आधी तपासून घ्यावी.

सुरुवात क्षेत्रापासून. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. आर म्हणजे 100 चौरस मीटर, साधारण 1,076 चौरस फूट. गुंठा 1,089 चौरस फुटांचा, म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच. 40 गुंठ्यांचा एकर. याच उताऱ्यावर पोटखराबा दिलेला असतो. पोटखराबा म्हणजे ओढा, खडक अशी लागवडीखाली न येणारी जागा. समजा, एकूण क्षेत्र 40 आर, त्यात पोटखराबा 6 आर आणि मागणी 40 लाखांची आहे. आराला एक लाख असा दर वाटतो. पण लागवडीचे 34 आर धरले, की तोच दर 1 लाख 17 हजारांच्या वर जातो.

आता शेजारच्या जमिनी खरोखर कितीला गेल्या ते पाहावं. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत बरंच अंतर असतं. गाव नकाशावरून आजूबाजूचे गट क्रमांक घ्यावेत आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्या गटांचे दस्त शोधावेत. 'सूची क्रमांक दोन' या कागदावर क्षेत्र, तारीख आणि मोबदला, म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत, दिसते.

इथे घाई नडते. भावाभावांतला व्यवहार, अडचणीत केलेली विक्री किंवा रोखीची रक्कम बाहेर ठेवून लिहिलेला दस्त बाजाराचा भाव सांगत नाही. लहान तुकड्याचा गुंठ्याचा दर मोठ्या क्षेत्रापेक्षा बहुधा जास्त पडतो. म्हणून पाच गुंठ्यांचा दर दोन एकरांना लावू नये. गेल्या दोन-तीन वर्षांतले, त्याच शिवारातले आणि साधारण तेवढ्याच क्षेत्राचे तीन-चार व्यवहार मिळाले तरी पुरे.

रेडीरेकनर हा मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी ठरवलेला सरकारी दर. तो भागाभागाला लागू असतो. आपल्या गटाचा उतार किंवा विहीर त्याला ठाऊक नसते. त्यामुळे बाजारभाव त्याच्या वरही असतो आणि खालीही. मात्र शुल्क ठरलेली किंमत आणि हा दर यांतल्या मोठ्या रकमेवर भरावं लागतं.

सगळ्यात जास्त फसगत रस्त्यात होते. विकणारा सांगतो, "इथूनच तर ये-जा आहे." ती वाट शेजाऱ्याच्या बांधावरून जाते का, ती नकाशात आहे का, सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात नोंदलेली आहे का, हे विचारावं. शेजाऱ्याला स्वतः भेटावं. नुसत्या संबंधांवर चालणारी वाट जमिनीचा मालक बदलला की अडते. महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागता येतो. पण त्यात वेळ जातो आणि शेजारी दुखावतो. कायदेशीर वाट नसलेल्या जमिनीला रस्त्यालगतचा दर देऊ नये, हे मी आग्रहानं सांगेन. उद्या आपल्याला विकायची वेळ आली, तर पुढचा खरेदीदार नेमका हाच प्रश्न विचारणार आहे.

पाणी पाहायला एप्रिल-मेमध्ये जावं. पावसाळ्यात सगळंच शिवार हिरवं दिसतं. विहीर सामाईक असेल तर आपला हिस्सा किती आणि पाळी कोणती, हे कागदावर असायला हवं. मात्र पावसाळ्यातही एक फेरी मारावी. पाणी कुठं तुंबतं ते तेव्हाच कळतं.

जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली असेल, तर विक्रीला परवानगी आणि बहुधा नजराणा लागतो. तो कोण भरणार हे ठरल्याशिवाय किंमतच ठरत नाही.

"पुढं हायवे येतोय" हे ऐकलं की नगररचना कार्यालयात जाऊन मंजूर आराखडा पाहावा. तिथं रेघ नसेल तर त्या बोलण्याचे पैसे देऊ नयेत. रेघ असेल तर ती आपल्या गटाच्या शेजारून जाते की मधूनच, तेही पाहावं. मधून गेली तर जमीन संपादनात जाते.

आता आपला आकडा मांडावा: मिळालेल्या व्यवहारांचा दर, त्यातून रस्ता, पाणी, हक्क यांची वजावट. शुल्क, नोंदणी फी, मोजणी आणि वकील यांचा खर्च वेगळा लिहून ठेवावा, म्हणजे हातातले पैसे पुरतील का ते कळेल. विसार पावतीत एकरकमी किंमत न लिहिता गुंठ्याचा दर लिहावा आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीत जेवढं क्षेत्र प्रत्यक्ष ताब्यात भरेल, तेवढ्याचेच पैसे, असं स्पष्ट नमूद करून घ्यावं.