मनगटावरची वावटळ

लाखांचं टूर्बियाँ असो की बाबांची एचएमटी, चावीच्या घड्याळाची नशा काही औरच! पण पाकीट उघडण्याआधी आत काय फिरतंय, ते बघा...

सकाळी निगडीच्या टिळक चौकात कंपनीच्या बसची वाट पाहणारी मनगटं जरा निरखा. जिकडंतिकडं स्मार्टवॉच! पावलं मोजणारी, मेसेज दाखवणारी आणि चार्जर मागणारी. मग सेल नाही, चिप नाही, अशा घड्याळासाठी लाखो रुपये मोजणारी मंडळी वेडी म्हणायची का?

या छंदाचं एव्हरेस्ट म्हणजे टूर्बियाँ. फ्रेंच शब्द, अर्थ वावटळ. पॅरिसमधल्या आब्राहम-लुई ब्रेगे या घड्याळजीला २६ जून १८०१ रोजी त्याचं पेटंट मिळालं.

फंडा काय?

तेव्हा घड्याळ खिशात उभं असायचं. तासन्‌तास एकाच स्थितीत राहिलं, की गुरुत्वाकर्षणामुळे त्याची लय बिघडायची. ब्रेगेनं काय केलं? बॅलन्स व्हील, केसासारखी बारीक स्प्रिंग आणि टिकटिक करणारं एस्केपमेंट एका पिंजऱ्यात बसवलं आणि पिंजराच फिरता ठेवला! सहसा मिनिटाला एक फेरी. एका बाजूला झालेली चूक दुसऱ्या बाजूला भरून निघते.

गंमत अशी, की मनगट दिवसभर हलतच असतं, त्यामुळे मनगटी घड्याळात याचा फायदा जेमतेम. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला १५-२० सेकंद चुकतं. उलट स्विस क्रोनोमीटरच्या प्रमाणपत्राला दिवसाला ४ सेकंद मागं ते ६ सेकंद पुढं एवढी सूट असते! म्हणजे पैसे अचूक वेळेचे नाहीतच, ते हातांचे आहेत. एका ग्रॅमहूनही हलका पिंजरा, त्यात डझनावारी भाग, प्रत्येकाला हातानं पॉलिश. टूलरूममध्ये मायक्रॉनसाठी घाम गाळणाऱ्या चाकण-भोसरीच्या इंजिनिअरला याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता हे काम आपल्याकडेही होतं. टायटननं २०२५ मध्ये ‘जलसा’ हे टूर्बियाँ आणलं. फक्त १० नग, किंमत ४० लाख ५० हजार. फ्लॅटचं बजेट थेट मनगटावर!

कपाटातला खजिना

मग पगारदारानं स्वप्नच बघायचं? छे! आधी घरातलं कपाट उघडा. टेल्को, बजाजच्या शिफ्टमध्ये उमेद घालवलेल्या अनेक घरांत एखादी एचएमटी सापडेलच. सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीनं १९६१ मध्ये बंगळुरूत एचएमटीची घड्याळं बनू लागली. जनता, पायलट, कांचन... दहावीच्या निकालाला, लग्नाला हीच भेट. २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय सरकारनं घेतला आणि जुन्या घड्याळांचा भाव वधारला.

बाबांच्या ‘जनता’त आणि लाखांच्या टूर्बियाँत टिकटिकीचं तत्त्व एकच, फक्त पिंजरा फिरत नाही. हे ओळखणारे घड्याळजी मात्र कमी होत चाललेत. म्हणूनच घरचं घड्याळ ‘नवंकोरं करून द्या’ म्हणत कुणाच्याही हाती देऊ नका. डायल रंगवली, की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत घसरली!

कलेक्शन सुरू करताय?

- डायलमधल्या खिडकीतून नुसतं बॅलन्स व्हील हलताना दिसलं, तर ते ‘ओपन हार्ट’. टूर्बियाँत अख्खा पिंजरा फिरतो. या फरकात लाखो रुपये असतात.
- जुनी एचएमटी अगदी चकाचक दिसतेय? डायल रंगवलेली आहे का, मशीन आणि केस एकाच मॉडेलची आहे का, ते विचारा.
- चावी रोज ठरावीक वेळी द्या. अडली, की थांबा.
- स्पीकर आणि लोहचुंबकापासून लांब ठेवा. चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग हवंच.
- ईएमआयवर छंद नको. घड्याळ विकायला गेलात, तर दिलेली किंमत परत मिळेलच असं नाही.

टूर्बियाँ जमेल तेव्हा जमेल. या रविवारी बाबांच्या एचएमटीला चावी द्या आणि ती कानाला लावून तर बघा!