हात पाहून रिमोट घ्यावा



बाईंनी सांगितलं की, या वेळी ज्याने त्याने स्वतः करून पाहिलेल्या गोष्टीवर लिहायचं. कुणी कंपोस्ट खतावर लिहिलं, कुणी सायकलचं पंक्चर कसं काढतात ते लिहिलं. मी गेमच्या रिमोटवर लिहीत आहे. त्याचं खरं नाव कंट्रोलर. पण आपल्याकडे सगळे त्याला रिमोटच म्हणतात, म्हणून मीही रिमोटच म्हणणार आहे.

माझ्या मामाने दिवाळीत आमच्या घरी एक चिमुकला संगणक आणला. त्याचं नाव रास्पबेरी पाय. नावात पाय आहे, पण त्याला पाय नाहीत बरं का! तो पत्त्याच्या पानाहून जरा लहान आहे. साडेआठ सेंटिमीटर लांब आणि साडेपाचहून थोडा जास्त रुंद. मुलांना प्रोग्रॅम लिहायला शिकता यावं म्हणून इंग्लंडमधल्या लोकांनी तो तयार केला. पहिला पाय २०१२ साली विकायला आला. आमचा पाय ४ आहे, तो २०१९ साली निघाला. त्याला टीव्ही जोडायचा, मोबाइलमध्ये असतं तसलं मेमरी कार्ड घालायचं, की झाला संगणक सुरू.

या संगणकावर जुने गेम खेळता येतात. ते कसे? तर त्यात एक प्रोग्रॅम घालतात. तो जुन्या गेमच्या यंत्राची हुबेहूब नक्कल करतो. बहुरूपी जसा पोलीस होतो, डॉक्टर होतो, तसाच हा संगणक एकदा १९८३ सालचं यंत्र होतो, एकदा १९९० सालचं. मामा म्हणाला, गेम ज्याने तयार केले त्याच्या मालकीचे असतात, कुठूनही उतरवून घ्यायचे नाहीत. काही लोक मात्र जुन्या यंत्रांसाठी नवे गेम करतात आणि फुकट देतात. आम्ही तेच खेळतो.

पण संगणकाबरोबर रिमोट येत नाही. तो आपण निवडून घ्यायचा असतो. आमच्याजवळ साठवलेले ९०० रुपये होते. चुकीचा रिमोट घेतला असता तर पुन्हा पैसे मिळणार नव्हते. म्हणून मामाने आधी त्याच्या मित्राचा एक रिमोट चार दिवसांसाठी आणला. तो मोठा होता, बिनवायरचा होता, त्याला दोन दांड्या आणि खूप बटणं होती. मला तो फार आवडला. माझं मत होतं की असलाच घ्यायचा.

मग ताई खेळायला बसली. माझ्या ताईच्या उजव्या हाताची दोन बोटं तीन वर्षांपूर्वी कडबा कुट्टीत गेली. अंगठ्याजवळचं आणि मधलं. त्या रिमोटचं एक बटण बरोबर त्याच बोटाने दाबायचं होतं. शिवाय तिला तो नीट धरता येईना, सारखा कलायचा. ती दोनदा हरली आणि म्हणाली, "तुम्ही खेळा, मला अभ्यास आहे." तिची परीक्षा तर संपली होती. मला माहीत होतं. मामालाही कळलं. तो म्हणाला, "आपण उलटं चाललोय. आधी रिमोट बघतोय. आधी गेम बघायचा, मग हात बघायचा, मग रिमोट."

तेव्हापासून आम्ही जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

१) आधी गेम पाहा.

सगळ्या गेमना सगळी बटणं लागत नाहीत. हे पाहा :

स्पेस इन्व्हेडर्स (१९७८) – डावीकडे, उजवीकडे आणि गोळी. संपलं.
पॅक-मॅन (१९८०) – चार दिशा. बटण एकही नाही!
सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) – दिशा आणि दोन बटणं. एक पळायला, एक उडी मारायला.
स्ट्रीट फायटर २ (१९९१) – दिशा आणि सहा बटणं. तीन ठोशांची, तीन लाथांची.
सुपर मारिओ ६४ (१९९६) – याला दांडी हवी. कारण दांडी थोडी कलवली तर मारिओ हळू चालतो, जास्त कलवली तर पळतो.

म्हणजे १९९५ च्या आधीचे बहुतेक गेम खेळायचे असतील तर दांडीची गरज नाही. त्या दांड्यांचे पैसे उगाच जातात.

२) दिशांची फुली.

रिमोटच्या डाव्या बाजूला बेरजेच्या चिन्हासारखी फुली असते. तिने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे जाता येतं. ती जपानमधल्या निन्तेन्दो कंपनीच्या गुनपेई योकोई यांनी काढली. १९८२ साली खिशात मावणाऱ्या डाँकी काँग या खेळण्यात ती आली. त्याआधी अटारीच्या १९७७ सालच्या यंत्राला एक उभी दांडी आणि एकच बटण होतं. दांडीला दोन हात लागायचे आणि ती खिशात मावत नव्हती. फुलीचं काम एका अंगठ्यावर होतं. १९८३ साली निन्तेन्दोने फॅमिकॉम यंत्र काढलं, त्याच्या रिमोटलाही हीच फुली होती. १९९० साली सुपर फॅमिकॉम आलं. त्याच्या रिमोटला उजवीकडे चार बटणं झाली आणि वरच्या कडेला दोन. त्या वरच्या बटणांना खांद्याची बटणं म्हणतात.

जुने गेम फुलीसाठीच केलेले आहेत. म्हणून फुली चांगली असली पाहिजे. चांगली कशी ओळखायची? त्यासाठी आत काय असतं ते कळलं पाहिजे. टीव्हीचा बिघडलेला रिमोट उघडून पाहा (मोठ्यांना विचारून). आत रबराची चटई असते. तिला खालून काळे ठिपके असतात. बटण दाबलं की काळा ठिपका खालच्या पट्टीवरच्या तारांना टेकतो, वीज जाते, आणि बटण दाबलं हे कळतं. गेमच्या पुष्कळ रिमोटमध्ये हेच असतं. फुलीच्या पोटाखाली मधोमध एक उंचवटा असतो. त्यावर ती झोपाळ्याच्या फळीसारखी डुलते. म्हणून डावी बाजू दाबली की उजवी उचलली जाते. दोन्ही एकदम दाबल्या जात नाहीत.

हलक्या मालात हे नीट बसवलेलं नसतं. मग डावीकडे दाबलं तरी वरचंही लागतं. आपण म्हणतो मला खेळता येत नाही, पण चूक रिमोटची असते. परीक्षा अशी : फुलीच्या बरोबर मध्यावर दाबा. चारही बाजू एकदम आत जाता कामा नयेत. मग संगणकाला जोडून फक्त डावीकडे दहा वेळा दाबा. एकदाही वर किंवा खाली गेलं तर तो रिमोट परत ठेवा.

३) आता हात पाहा.

रिमोट दोन्ही हातांत धरा. पकड न सोडता डावा अंगठा फुलीच्या चारही टोकांना गेला पाहिजे. उजवा अंगठा सगळ्या बटणांवर पोहोचला पाहिजे. मारिओसारख्या गेममध्ये पळण्याचं बटण दाबून धरायचं आणि त्याच अंगठ्याच्या टोकाने उडीचंही दाबायचं असतं. बटणं लांब लांब असली तर लहान अंगठ्याला ते जमत नाही. माझं मत ज्या मोठ्या रिमोटला होतं, त्यावर माझाही अंगठा नीट पोहोचत नव्हता. मला तेव्हा ते कबूल करायचं नव्हतं.

ज्याला एखादं बोट नाही किंवा बोट दुखतं, त्याच्यासाठी पुढच्या गोष्टी पाहा. एक, रिमोट चपटा असावा. म्हणजे तो मांडीवर किंवा पाटावर ठेवून खेळता येतो, धरून ठेवावा लागत नाही. दोन, संगणकात बटणांची कामं बदलता येतात. उजव्या खांद्याचं काम डाव्या खांद्याला किंवा अंगठ्याजवळच्या बटणाला देता येतं. हे पैसे न देता होतं. तीन, मोठी दांडी आणि मोठी गोल बटणं असलेली पेटीही मिळते. ती पूर्ण तळहाताने चालवता येते. पण ती महाग असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने तर २०१८ साली दिव्यांग लोकांसाठी खास रिमोट काढला. त्याला दोन मोठ्या थाळ्या आहेत आणि पायाने किंवा कोपराने दाबायची बटणं जोडायला १९ भोकं आहेत. म्हणजे जगात पुष्कळ लोकांना ही अडचण येते. ताईला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "बघू फोटो."

४) वायरचा की बिनवायरचा?

बिनवायरचा दिसायला छान. पण तो चार्ज करावा लागतो, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. शिवाय त्याची संगणकाशी ओळख करून द्यावी लागते. काहींमध्ये बटण दाबल्यावर उडी जरा उशिरा पडते, आणि तोवर मारिओ खड्ड्यात! वायरचा रिमोट लावला की चालतो. पाय ४ ला चार यूएसबी भोकं आहेत, दोन निळी, दोन काळी. कशातही लावा. मात्र घरी बसायच्या जागेपासून टीव्हीपर्यंत दोरीने मोजून मगच दुकानात जा. आमचा टीव्ही फडताळावर उंच आहे. वायर कमी पडली म्हणून मागून जोडवायर घ्यावी लागली.

जुन्या टीव्ही गेमचा रिमोट घरी असेल तर पालकांना वाटेल, हाच लावू. पण त्याचा प्लग पाहा. त्याला नऊ भोकं असतात. तो यूएसबीमध्ये जात नाही. जोर करू नका.

५) स्टार्ट आणि सिलेक्ट विसरू नका.

मधली ही दोन छोटी बटणं बिनकामाची वाटतात. पण आमच्या संगणकात रेट्रोपाय नावाचा प्रोग्रॅम आहे. त्यात सिलेक्ट आणि स्टार्ट एकदम दाबलं की गेममधून बाहेर पडता येतं. ती नसतील तर आत जाल, बाहेर कसे याल? अभिमन्यूसारखं होईल.

पहिल्यांदा रिमोट जोडला की संगणक एकेका बटणाचं नाव विचारतो. विचारेल ते दाबायचं. जे बटण आपल्या रिमोटला नाही त्याच्या वेळी दुसरं कुठलंही बटण थोडा वेळ दाबून धरायचं, म्हणजे तो पुढे जातो. इथे एक गंमत आहे. निन्तेन्दोच्या रिमोटवर 'ए' उजवीकडे असतो आणि एक्सबॉक्सच्या रिमोटवर 'ए' खाली असतो. म्हणून अक्षर पाहून गोंधळू नका, जागा लक्षात ठेवा.

शेवटी आम्ही काय घेतलं? सुपर फॅमिकॉमच्या आकाराचे, चपटे, वायरचे, बिनदांड्यांचे दोन रिमोट. दोन्ही मिळून ९०० रुपयांत बसले. एक भारी घेतला असता तर एकाने खेळायचं आणि बाकीच्यांनी बघायचं झालं असतं. ताई रिमोट मांडीवर ठेवून खेळते. उजव्या खांद्याचं काम आम्ही तिच्या डाव्या हाताला दिलं आहे. वरून तुकडे पडतात आणि ओळ भरायची असते, तो गेम तिला आवडतो. तसला पहिला गेम टेट्रिस, तो १९८४ साली मॉस्कोमध्ये अलेक्सेई पाजितनोव यांनी केला. ताई रोज मला त्यात हरवते. मी म्हणतो, माझा रिमोट खराब आहे. मग ती रिमोट बदलून घेते आणि पुन्हा हरवते.

शाळेच्या बालआनंद मेळाव्यात मामा हा संगणक आणणार आहे. तेव्हा पालकांनी पण हातात रिमोट धरून पाहावा. आणि मुलांसाठी घ्यायचा झाला तर मुलाला बरोबर घेऊन जावं. चप्पल घेताना आपण पाय नेतो ना? तसंच रिमोट घेताना हात न्यावा.

– इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी