लढून आलेल्यांचा बिगूल

मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावर बिगूल आहे, हे बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. लाइट इन्फंट्रीचे शिपाई विखरून लढत, त्यांना हुकूम बिगुलावरून पोचत, म्हणून ती खूण. त्या साध्या वाद्याला एकही कळ नसते. ओठांच्या ताणावर जे पाच-सहा स्वर निघतात तेवढेच. "उठा", "गोळा व्हा", "झोपा" एवढं सांगायला ते पुरतात. एवढ्याशा भांडवलावर अमेरिकेत ढोल आणि बिगुलांची स्पर्धक पथकं उभी राहिली. त्यांना तिकडे ड्रम अँड बिगूल कोअर म्हणतात.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 मध्ये अमेरिकन लीजन ही संघटना काढली. गावोगावी तिच्या शाखा झाल्या. शाखेला 'पोस्ट' म्हणतात आणि प्रत्येक पोस्टला नंबर असतो. कूच करणं आणि बिगूल फुंकणं या माणसांच्या अंगवळणी पडलेलं होतंच, मग पोस्टपोस्टची पथकं निघाली आणि लीजनच्या राष्ट्रीय अधिवेशनात त्यांच्या स्पर्धा होऊ लागल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 मध्ये, न्यू जर्सीतल्या हॉथॉर्न गावी जिम कॉस्टेलो यांनी असंच एक पथक काढलं: हॉथॉर्न काबालेरोस. पाठीशी लीजनची पोस्ट 199. इतर पथकं लष्करी थाटात फिरत असताना यांनी रुंद काठाच्या टोप्या घातल्या, कमरेला शेले बांधले आणि स्पॅनिश-लॅटिन चाली वाजवायला घेतल्या. मला यातला हट्ट फार आवडतो. लॅटिन चालींना जवळजवळचे स्वर लागतात आणि तेव्हाच्या स्पर्धेच्या बिगुलाला एकच व्हॉल्व्ह, तोही आडवा. कित्येक स्वर त्यात नव्हतेच! जे नाहीत ते टाळून चाल बांधायची, हे त्या संगीत-रचनाकारांचं खरं काम.

स्पर्धेचे नियम मात्र परेडच्या मैदानावरचे. आधी तपासणी: बुटांना पॉलिश आहे का, गणवेश नीट आहे का. कार्यक्रमात राष्ट्रध्वजाचा मान राखलाच पाहिजे, नाहीतर गुण गेले. परीक्षक हातात पाटी घेऊन वादकांच्या रांगांमध्ये शिरत, कान देऊन ऐकत. एखादा ढोल क्षणभर मागे पडला, एखाद्याचं पाऊल चुकलं की एक खूण, म्हणजे 0.1 गुण वजा. पूर्ण गुणांवरून सुरुवात करून खाली खाली यायचं. (आमच्या काही परीक्षा आठवल्या.) अशा पद्धतीत शिस्त तयार होते यात शंका नाही, पण नवीन काही करून बघायचं म्हणजे स्वतःहून गुण घालवणं.

इथेच कुरबुर सुरू झाली. पैसा, हॉल, स्पर्धा, सगळं माजी सैनिकांच्या संघटनांचं, मग नियमही त्यांचेच. सराव करून घाम गाळणारे विचारू लागले की आम्ही काय वाजवायचं हे आम्ही का ठरवू नये? मोठ्यांच्या पथकांनी 1963 मध्ये ड्रम कोअर असोसिएट्स ही स्वतःची संघटना काढली. काबालेरोस सुरुवातीपासून तिच्यात होते. 1970 मध्ये ते तिथे पहिल्यांदा अजिंक्य ठरले, मग 1972 ते 1974 सलग तीनदा. लीजनच्या स्पर्धा जिंकून नाव कमावलेलं पथक दुसऱ्या घरातही जिंकलं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पोस्टने लावलेली शिस्त त्यांनी बरोबर नेली, फक्त नियम कोणी करायचे एवढंच बदललं.

मुलांच्या पथकांनी हेच पाऊल नंतर उचललं. त्यांची ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संघटना, आणि तिची पहिली स्पर्धा 1972 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली. या पथकांमागे सगळीकडे माजी सैनिकच होते असंही नाही. न्यू जर्सीतल्याच गारफिल्डचं होली नेम कॅडेट्स हे नावाजलेलं पथक 1934 मध्ये एका कॅथलिक पॅरिशने सुरू केलं होतं. मुलांच्या पथकात तेव्हा वयाची मर्यादा एकवीस, म्हणजे माझा तिथला मुक्काम यंदा संपला असता. काबालेरोससारख्या पथकात तशी अट नाही, तिथे बाप आणि मुलगा एका रांगेत उभे राहू शकतात.

मुलांच्या स्पर्धेत 1977 मध्ये दोन व्हॉल्व्ह आले, 1990 मध्ये तीन. 2000 पासून बिगूल 'जी' स्वराचाच हवा हीसुद्धा अट गेली. आता हवा तो स्वर वाजतो. मग त्याला बिगूल म्हणायचं की नाही, यावर जुने वादक अजून वाद घालतात.